क्रूझ जहाजं आता कुठे चालली आहेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सात वर्षं मी क्रूझ जहाजांच्या कोठारात काम केलं. आता गावी, वेंगुर्ल्याला असतो. ओळखीपाळखीतून आठवड्याला दोन-चार फोन येतातच. कुणाला आईवडिलांना अलास्का दाखवायचं असतं, कुणी व्हेनिसचं बुकिंग केलेलं असतं आणि जहाज भलत्याच बंदरात लागणार म्हणून गोंधळलेलं असतं, कुणाच्या मुलाला जहाजावर नोकरी हवी असते. प्रश्न तेच तेच येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

क्रूझ आणि साधा बोटीचा प्रवास यात फरक काय?

आपल्या आजी-आजोबांची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून सुटायची आणि ज्याला त्याला आपापल्या बंदरात उतरवायची. क्रूझला असं पोचायचं ठिकाण नसतं. बहुतेक वेळा ज्या धक्क्यावर चढलात तिथेच चार-आठ दिवसांनी उतरता. मधली बंदरं फिरण्यापुरती.

कल्पना जुनी आहे. १८४४ मध्ये पी अँड ओ कंपनीने साउदॅम्प्टनहून भूमध्य समुद्राच्या सहलींची जाहिरात केली होती. १८९१ च्या जानेवारीत हॅम्बुर्गच्या एका जहाज कंपनीचे आल्बर्ट बालिन यांनी ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’ हे अटलांटिक ओलांडणारं जहाज भूमध्य समुद्रात सहलीला पाठवलं, कारण कडाक्याच्या थंडीत अमेरिकेला जाणारे प्रवासी मिळत नव्हते आणि जहाज बांधून ठेवलं तरी खर्च चालूच राहत होता. हा हिशोब लक्षात ठेवा. हॉटेल बांधलं की ते तिथंच राहतं. जहाज नांगर उचलून दुसरीकडे जातं. पुढच्या जवळपास प्रत्येक उत्तरात ही गोष्ट येणार आहे.

मग आजचा धंदा सुरू कधी झाला?

१९५८ मध्ये जेट विमानं अटलांटिक ओलांडू लागली आणि मोठमोठ्या प्रवासी जहाजांचं पोट रिकामं झालं. १९६६ च्या डिसेंबरात ‘सनवर्ड’ नावाचं एक नवंकोरं नॉर्वेजियन जहाज मायामीहून बहामासच्या सहली करू लागलं. मुळात ते इंग्लंड ते जिब्राल्टर अशा फेरीसाठी बांधलेलं होतं. तिकडे जमलं नाही, म्हणून मालक क्नुट क्लोस्टर यांनी ते फ्लोरिडाला आणलं. मायामीत त्यांचे भागीदार होते टेड ॲरिसन. पुढे दोघांचं बिनसलं आणि ॲरिसन यांनी १९७२ मध्ये कार्निव्हल ही कंपनी काढली. रॉयल कॅरिबियन १९६८ची. आज जगातल्या बहुतेक क्रूझ खाटा कार्निव्हल, रॉयल कॅरिबियन, नॉर्वेजियन आणि जिनिव्हाची एमएससी या चौघांच्या हातात आहेत.

दरवर्षी किती लोक क्रूझला जातात?

क्रूझ कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या आकड्यांनुसार २०१९ मध्ये २ कोटी ९७ लाख. कोरोनात धंदा अक्षरशः धक्क्याला लागला. २०२३ मध्ये मात्र ३ कोटी १७ लाख आणि २०२४ मध्ये ३ कोटी ४६ लाख प्रवासी झाले.

जगभरात वर्षाला सुमारे १४० कोटी लोक परदेशी फिरायला जातात. त्यांच्यापुढे क्रूझवाले अगदी थोडे. पण विमानाने येणारा पर्यटक पांगतो. जहाजातून पाच हजार माणसं एकाच सकाळी, एकाच गल्लीच्या तोंडाशी उतरतात. एवढ्या छोट्या धंद्यावरून एवढी भांडणं होतात ती यामुळे.

सगळ्यात जास्त क्रूझ कुठे चालतात?

कॅरिबियन. जगातल्या प्रवाशांपैकी चाळीस टक्क्यांहून जास्त तिकडे जातात, त्याखालोखाल भूमध्य समुद्र. जगातली सगळ्यात गजबजलेली तिन्ही क्रूझ बंदरं, म्हणजे मायामी, पोर्ट कॅनाव्हेरल आणि पोर्ट एव्हरग्लेड्स, एकट्या फ्लोरिडात आहेत. अलीकडे टेक्सासचं गॅल्व्हेस्टन झपाट्याने वाढतंय, कारण तिथे लोक विमानाचं तिकीट न काढता स्वतःच्या गाडीने येतात.

एकच जहाज मे महिन्यात अलास्काला आणि डिसेंबरात कॅरिबियनला कसं दिसतं?

उन्हामागे फिरतं म्हणून. उत्तरेकडच्या उन्हाळ्यात अलास्का, नॉर्वे, भूमध्य समुद्र. थंडीत कॅरिबियन, आखाती देश, ऑस्ट्रेलिया. एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात जहाजं समुद्र बदलतात. या मधल्या फेऱ्यांना रिपोझिशनिंग क्रूझ म्हणतात. दिवस जास्त, बंदरं कमी, आणि दर दिवसाच्या हिशोबाने तिकीट बरंच स्वस्त. पुस्तक वाचत समुद्र बघायचा असेल तर याहून चांगला सौदा नाही. निवृत्त लोकांना मी हीच फेरी सुचवतो.

जहाजं इतकी अवाढव्य का होत चालली आहेत?

टायटॅनिक ४६ हजार टनांचं होतं. जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून निघालेलं ‘आयकॉन ऑफ द सीज’ जवळजवळ अडीच लाख टनांचं आहे. (हे टन वजनाचे नव्हेत, आतल्या जागेचं ते माप आहे.) ३६५ मीटर लांबी, खचाखच भरलं तर ७,६०० प्रवासी आणि वर अडीच हजारांच्या आसपास कर्मचारी. जहाज मोठं केलं की माणशी खर्च उतरतो आणि जहाजावरच खर्च करायच्या जागा वाढतात. तिकिटाबाहेरची विक्री, म्हणजे दारू, कॅसिनो, स्पा, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली, हे मोठ्या कंपन्यांच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशाच्या आसपास असतं. तिकीट स्वस्त दिसतं ते त्याच्या जोरावर.

जहाज वाढलं की नकाशा आक्रसतो. जुने प्रवासी उतरून नवे चढतात त्या दिवसाला आम्ही टर्नअराउंड म्हणायचो. पहाटे पाचला जहाज धक्क्याला लागायचं. आदल्या रात्री प्रवाशांनी रंगीत चिठ्ठ्या लावून खोलीबाहेर ठेवलेल्या बॅगा तोवर खालच्या मजल्यावर रचून झालेल्या असायच्या. साडेसातच्या सुमाराला पहिला प्रवासी उतरायचा आणि त्याच वेळी जहाजाच्या कुशीतल्या दारातून फोर्कलिफ्ट आत यायची: अंडी, बटाटे, कलिंगडं, टॉयलेट पेपर. मी हातात यादी आणि थर्मामीटर घेऊन दाराशी. मासळीच्या खोक्यात काटा खुपसायचा; तापमान चढलेलं दिसलं की खोका परत ट्रकमध्ये. कर्मचाऱ्यांचा जो लांबलचक बोळ असतो त्याला अमेरिकी महामार्गाच्या नावावरून आय-नाइन्टीफाइव्ह म्हणतात. त्या बोळातून चादरींच्या ट्रॉल्या आणि आमच्या पॅलेट एकमेकांना चुकवत पळायच्या. साडेअकराला नवे लोक चढायला लागायचे, साडेचारला दोरखंड सुटायचे.

हे सगळं जमण्यासाठी बंदराजवळ मोठा विमानतळ हवा, शीतगृहं हवीत, शेकडो ट्रक वळतील एवढी जागा हवी, खोल पाणी हवं. अशी बंदरं जगात मोजकीच आहेत. ‘आमच्या गावातही क्रूझ आणू’ असं कुणी म्हणालं की मला तो दाराशी उभा असलेला ट्रकांचा ताफा आठवतो.

कंपनीच्या खासगी बेटावर थांबा असतो तो काय प्रकार?

बहामासमधलं ग्रेट स्टिरप के हे बेट नॉर्वेजियनने १९७७ मध्ये घेतलं, तिथून ही पद्धत सुरू झाली. हैतीमधलं लाबाडी रॉयल कॅरिबियन १९८६ पासून वापरू लागली. डिस्नेचं कास्टवे के १९९८चं. २०१९ मध्ये रॉयल कॅरिबियनच्या कोकोके बेटावर पाण्याच्या घसरगुंड्यांचं आख्खं उद्यान उभं राहिलं, आणि जुलै २०२५ मध्ये कार्निव्हलने ग्रँड बहामावर सेलिब्रेशन की सुरू केलं.

प्रवाशाला आवडतं: किनारा स्वच्छ, फेरीवाले नाहीत, जेवण जहाजाचंच. कंपनीला त्याहून आवडतं, कारण बाहेर खर्च होणारा डॉलरही घरातच राहतो. मला मात्र हे खटकतं. बहामासची राजधानी नासाऊला जहाज लागलं की टॅक्सीवाला, शंखाची कोशिंबीर करून देणारी बाई, टोप्या विकणारा पोरगा अशा दहा जणांच्या हातात चार पैसे जायचे. खासगी बेटावर स्थानिकांना नोकऱ्या मिळतात, पण दुकान मिळत नाही.

बंदरं कंपन्यांकडून कर घेत नाहीत का?

घेतात, पण जहाज नांगर उचलू शकतं हे दोघांनाही ठाऊक असतं. मेक्सिकोने २०२५ पासून दर क्रूझ प्रवाशामागे ४२ डॉलर घ्यायचं ठरवलं होतं. कंपन्यांनी विरोध केला, वाटाघाटी झाल्या, आणि शेवटी जुलै २०२५ पासून ५ डॉलर, पुढे टप्प्याटप्प्याने २०२८ मध्ये २१ डॉलरपर्यंत, असं ठरलं. मेक्सिकोच्या कोझुमेल बेटाला फेरी रद्द झाली तर जहाज शेजारच्या होंडुरासला जाऊ शकतं. कोझुमेलला मात्र कुठेच जाता येत नाही.

जिथे दुसरा पर्यायच नाही ती ठिकाणं जास्त ताठ राहू शकतात. ग्रीसचं सँटोरिनी बेट एकच आहे, व्हेनिस एकच आहे.

व्हेनिसचं बुकिंग आहे, पण जहाज राव्हेनाला लागणार म्हणतात. फसवणूक आहे का?

नाही. १ ऑगस्ट २०२१ पासून इटलीने २५ हजार टनांवरच्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून आणि जुदेक्का कालव्यातून जायला बंदी केली आहे. २०१२ च्या जानेवारीत ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ जील्यो बेटाच्या खडकावर आपटून ३२ माणसं गेली, तेव्हापासून मागणी होती. जून २०१९ मध्ये ‘एमएससी ऑपेरा’चा ताबा सुटला आणि ते धक्क्यावर, तिथे बांधलेल्या पर्यटक बोटीवर जाऊन आदळलं. त्यानंतर निर्णय टाळणं कठीण झालं. आता मोठी जहाजं व्हेनिसजवळच्या मार्गेराच्या औद्योगिक बंदरात, त्रिएस्तेला किंवा राव्हेनाला लागतात. राव्हेनाहून व्हेनिस गाडीने दोन तासांच्या आसपास. बुकिंग करताना शहराचं नाव बघू नका, बंदराचं नाव विचारा. रोमच्या नावाखाली चिविताव्हेकिया असतं, पॅरिसच्या नावाखाली ल हाव्र.

बंदी घालणारं व्हेनिस एकटं नाही. क्रोएशियाच्या दुब्रोवनिकने एका वेळी दोन जहाजं आणि चार हजार प्रवासी अशी मर्यादा लावली. सँटोरिनीला दिवसाला आठ हजारांची मर्यादा आहे, आणि जुलै २०२५ पासून तिथे आणि मिकोनोसला गर्दीच्या महिन्यांत माणशी २० युरो कर लागतो. ॲमस्टरडॅमने वर्षाला १९० जहाजांवरून १०० वर यायचं ठरवलं. बार्सिलोना २०३० पर्यंत सातपैकी दोन टर्मिनल कमी करणार आहे.

सँटोरिनीचं सांगतो. जहाज कड्याखाली खोल पाण्यात उभं राहतं आणि माणसं छोट्या बोटींतून जुन्या धक्क्यावर उतरतात. वर गावात जायला केबल कार, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या. चार जहाजं एकदम आली की केबल कारची रांग धक्क्यावर येऊन ठेपते. भर उन्हात, सावली नाही, म्हातारी माणसं कठड्याला टेकून उभी. आणि वर ज्या बाईला दळण, दूध आणायला जायचं असतं तिलाही त्याच गर्दीतून वाट काढावी लागते. मर्यादा घातल्या म्हणून कुणी हळहळलं की मला ती रांग आठवते. त्या लोकांनी योग्य केलं असं माझं स्पष्ट मत आहे.

अलास्कासाठी कॅनडाचा व्हिसा का मागतात?

अमेरिकेच्या १८८६ च्या एका कायद्यामुळे. परदेशात नोंदलेल्या जहाजाला अमेरिकेच्याच दोन बंदरांमध्ये प्रवासी नेता येत नाहीत, आणि सिॲटलहून निघून तिथेच परत यायचं असलं तरी मध्ये परदेशी बंदर लागतं. मोठी क्रूझ जहाजं बहुतेक बहामास, पनामा, माल्टा अशा देशांत नोंदलेली असतात. म्हणून ती कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतात किंवा व्हँकुव्हरहूनच सुटतात. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावाच लागतो, तुम्ही तिथे उतरलात नाहीत तरी. ग्रीन कार्डवाल्यांना सूट आहे. तसंच ग्रीस-तुर्कस्तान-ग्रीस अशा फेरीला शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बहुतेक देशांचा सामायिक) मल्टिपल एंट्रीचाच, म्हणजे एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा हवा. एका सासू-सुनेला या एका शब्दापायी धक्क्यावरून परत फिरावं लागलेलं मी पाहिलं आहे.

जुनोबद्दलही विचारतात. अलास्काची ही राजधानी ३२ हजार वस्तीची, आणि वर्षाला सोळा लाखांवर क्रूझ प्रवासी. २०२४ पासून तिथे दिवसाला पाचच मोठी जहाजं, आणि २०२६ पासून दिवसाला १६ हजार, शनिवारी १२ हजार खाटांची मर्यादा.

आशियात क्रूझ वाढते आहे का?

वाढली, कोसळली, पुन्हा उठते आहे. २००६ मध्ये कोस्टाने शांघायहून सहली सुरू केल्या आणि दहा वर्षांत चीन अमेरिकेखालोखालची बाजारपेठ झाला. कंपन्यांनी चिनी प्रवाशांसाठी खास जहाजं बांधली. २०१७ मध्ये राजकीय वादावरून चीनने पर्यटकांना दक्षिण कोरियाला जाण्यापासून रोखलं आणि एका फटक्यात वेळापत्रकं बदलली. मग कोरोना, आणि तीन वर्षं बंदरं बंद. परदेशी जहाजं निघून गेली. १ जानेवारी २०२४ ला शांघायहून ‘अडोरा मॅजिक सिटी’ निघालं, ते चीनने स्वतः बांधलेलं पहिलं मोठं क्रूझ जहाज. सिंगापूरची भरभराट मात्र टिकून आहे.

लाल समुद्रातल्या हल्ल्यांचा काय परिणाम झाला?

२०२३ च्या अखेरीपासून येमेनच्या हुथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि सुएझची वाट क्रूझसाठी जवळपास बंद झाली. थंडीत युरोपातून दुबई-अबुधाबीला येणाऱ्या काही जहाजांचे हंगामच रद्द झाले. जगप्रदक्षिणेवर निघालेल्या अनेक जहाजांनी आफ्रिकेला वळसा घातला. सुएझमार्गे येणारी जहाजं पूर्वी मुंबई, मुरगाव, कोचीला थांबायची. जहाज थांबलं नाही की बॅलार्ड पिअरच्या बाहेरचा गाईड आणि टॅक्सीवाला त्या दिवशी रिकामा.

अंटार्क्टिकाला खरंच जाता येतं?

येतं. १९६६ मध्ये सहल-आयोजक लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी तिथे आपली पहिली सहल नेली. आता एका हंगामात लाखाहून जास्त लोक जातात, बहुतेक अर्जेंटिनातल्या उशुआयाहून. ५०० हून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला तिथे माणसं उतरवता येत नाहीत आणि एका जागी एका वेळी शंभरच माणसं उतरू शकतात. म्हणजे मोठं जहाज घेतलंत तर बर्फ फक्त डेकवरून दिसेल. खर्च आपल्याकडच्या लग्नाएवढा येतो. ड्रेक सामुद्रधुनीचे दोन दिवस पोट ढवळून निघतं, ते वेगळं.

प्रदूषणाचं काय?

२०२० पासून जगभर जहाजाच्या इंधनात ०.५ टक्क्यांहून जास्त गंधक चालत नाही, आणि १ मे २०२५ पासून भूमध्य समुद्रात ०.१ टक्के. एलएनजीवर (द्रवरूप नैसर्गिक वायूवर) चालणारी नवी जहाजं धूर कमी सोडतात, पण न जळलेला मिथेन हवेत जातो, आणि तो कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जास्त उष्णता धरतो. सगळ्यात सरळ उपाय म्हणजे धक्क्याला लागल्यावर इंजिन बंद करून बंदराची वीज घेणं. जुनोने ते २००१ मध्येच सुरू केलं. युरोपच्या मुख्य बंदरांत २०३० पासून ते सक्तीचं होणार आहे. कुठलीही कंपनी ‘हरित क्रूझ’ म्हणाली तर एवढंच विचारा: तुमचं जहाज धक्क्यावर वीज घेतं का?

मुंबईहून कोणत्या क्रूझ मिळतात?

सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचं ‘एम्प्रेस’ मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा फेऱ्या करतं. हे जहाज १९९० चं, ‘नॉर्डिक एम्प्रेस’ नावाने रॉयल कॅरिबियनसाठी बांधलेलं, मायामीहून तीन-चार दिवसांच्या छोट्या सहली करण्यासाठीच. तीस वर्षांनी तेच काम ते अरबी समुद्रात करतंय. त्याआधी २०१८ मध्ये मुंबई-गोवा ‘आंग्रिया’ आणि २०१९ मध्ये जलेशचं ‘कर्णिका’ आलं होतं. कोरोनात जलेश बुडाली आणि कर्णिका २०२० च्या नोव्हेंबरात अलंगला भंगारात गेली. पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यावर फेऱ्या थांबतात, अगदी जुन्या कोकण बोटीसारख्या.

बॅलार्ड पिअरच्या नव्या आंतरराष्ट्रीय टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर २०२५ मध्ये झालं. वर्षाला दहा लाख प्रवाशांची क्षमता सांगितली जाते. देशांतर्गत फेरीला पासपोर्ट लागत नाही, सरकारी ओळखपत्र पुरतं.

मुलाला जहाजावर नोकरी हवी आहे. काय बघावं?

गोव्याच्या तारवट्यांनी ही वाट शंभर वर्षांपूर्वीच पाडली. मुंबईत धोबीतलावाच्या कूडांमध्ये (गोव्याच्या गावागावांच्या सामायिक खोल्यांमध्ये) राहून ते बोटीची वाट बघायचे. आज आपलीही पोरं शेकड्यांनी आहेत. करार सहा ते नऊ महिन्यांचा, सुट्टीचा वार नाही. आंतरराष्ट्रीय नियमाने दिवसाला जास्तीत जास्त १४ आणि आठवड्याला ७२ तास काम. पैसे साठतात, कारण खर्चायला वेळच नसतो.

एजंटकडे नौवहन महासंचालनालयाचा आरपीएसएल (खलाशी भरतीचा) परवाना आहे का ते त्यांच्या संकेतस्थळावर तपासा. नोकरी लावून देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेणं बेकायदा आहे. आमच्या वाडीतल्या एका मुलाने आईच्या पाटल्या मोडून एका एजंटला दोन लाख दिले, आणि हातात आलं ते बनावट नियुक्तीपत्र. पैसे मागितले की तिथून उठा.

कोकणातल्या बंदरांत क्रूझ येईल का?

मोठं जहाज आमच्या उथळ पाण्यात धक्क्याला लागणार नाही. दूर नांगरून माणसं छोट्या बोटीने आणावी लागतील. माझी आजी वेंगुर्ल्याला असंच उतरायची, आगबोटीतून पडावात, पदर कमरेला खोचून. दोन-तीनशे माणसांचं लहान जहाज आलं तर मला आनंदच होईल. पण केंद्राच्या ‘क्रूझ भारत मिशन’चं लक्ष्य २०२९ पर्यंत समुद्री क्रूझचे दहा लाख प्रवासी असं आहे, तेव्हा कुणीतरी कधीतरी मोठा आकडा घेऊन किनाऱ्यावर येणार. मालवणच्या धक्क्यावरून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाणाऱ्या होड्या मे महिन्यात आधीच भरलेल्या असतात. एका सकाळी आणखी किती माणसं पेलतील, ते त्या होडीवाल्यांना विचारून आधी कागदावर घ्या, आणि जहाजाच्या कंपनीशी मग बोला.